कोलेस्टेरॉलची गोळी आणि तिच्या शेजारच्या बाटल्या

१४ जानेवारीला रिपोर्ट हातात आला. एलडीएलच्या, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या पुढे १७८ लिहिलं होतं. वय ५२, पाळी थांबून दोन वर्षं झालेली, आणि वडिलांना ५४व्या वर्षी हार्ट ॲटॅक येऊन गेलेला. पाळी थांबल्यावर बायकांचं एलडीएल वाढतं हे मला ठाऊक नव्हतं, ते डॉक्टरांनी सांगितलं. सोबत शुगर, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्याही झाल्या. त्या सगळ्या ठीक होत्या. ॲटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम, रोज एक, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त, असं ठरलं.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "दुसरी काही औषधं चालू आहेत?"

मी "नाही" म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. औषध म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं, हेच माझ्या डोक्यात पक्कं होतं. केस गळतात म्हणून मी गेले चार महिने बायोटिन घेत होते आणि त्याआधीपासून फिश ऑइलही. पण ती 'औषधं' आहेत असं मनातसुद्धा आलं नाही. पुढचे सहा महिने जे झालं त्याचं मूळ या एका उत्तरात आहे, म्हणून इथूनच सुरुवात करते आहे.

गोळी सुरू केली त्या आठवड्यात रात्री झोपच लागेना. माझी गोळी ज्या गटातली त्या स्टॅटिन औषधांबद्दल जे जे वाचायला मिळेल ते वाचत होते. स्नायू दुखतात, लिव्हर बिघडतं, पेशींना ऊर्जा तयार करायला लागणारं कोएन्झाइम क्यू-१० शरीरात कमी होतं. या शेवटच्या गोष्टीत तथ्य आहे. लिव्हर ज्या रासायनिक वाटेने कोलेस्टेरॉल बनवतं तिच्या सुरुवातीलाच स्टॅटिन आडवं येतं, आणि क्यू-१० ला लागणारा मालही पुढे त्याच वाटेवरून जातो. त्यामुळे रक्तातलं त्याचं प्रमाण खरंच उतरतं. मग मी क्यू-१० मागवलं. मैत्रिणीने लसणाच्या कॅप्सूल सुचवल्या, त्याही आणल्या. ३ फेब्रुवारीला दादा घरी आला तो हृदयासाठीच्या कॅप्सूलची बाटली घेऊनच. "मी घेतोय दोन महिन्यांपासून, तूही घे. सगळं नैसर्गिक आहे." रोज दोन, जेवणानंतर.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एका गोळीच्या शेजारी पाच बाटल्या उभ्या राहिल्या होत्या. त्या पाचांचा महिन्याचा खर्च गोळीच्या जवळजवळ नऊपट होता. पण प्रत्येक बाटलीमागे एक तर माझी काळजी होती, नाहीतर माझ्यावर माया करणाऱ्या माणसाचा शब्द. अशा वेळी खर्चाचा विचार मनात येत नाही.

१२ मार्चला आठ आठवड्यांचा रिपोर्ट आला. एलडीएल ८४. डॉक्टर म्हणाल्या, "या डोसला साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के उतरतं, तुमचं त्रेपन्न टक्के उतरलंय. छान प्रतिसाद आहे." मला आभाळ ठेंगणं झालं. दादाला लगेच फोन करून सांगितलं. अपेक्षेपेक्षा चांगला आलेला तो आकडा हाच पहिला इशारा होता, हे तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. त्यांना कळणार तरी कसं? त्यांच्या कागदावर एकच औषध होतं.

२५ मार्चच्या आसपास मांड्या भरून यायला लागल्या. खूप चालल्यावर दुसऱ्या दिवशी जसं होतं तसं, पण मी चाललेच नव्हते. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत होत्या. गुडघा दुखत नव्हता, कंबरही नाही, फक्त मांसच ठणकायचं. तीन-चार दिवसांत जिना चढताना कठडा धरावा लागू लागला. खाली बसलं की उठताना एक हात जमिनीवर आणि एक गुडघ्यावर दाबून स्वतःला वर ढकलावं लागे. एकदा वरच्या फळीवरून डबा काढताना दंडातलं बळच गेलं आणि डबा हातातून निसटला. त्या दिवशी मी घाबरले.

मग मी दुसरी चूक केली. ३० मार्चला स्वतःच्याच मनाने ॲटोर्वास्टॅटिन बंद केलं. फक्त तेवढंच. बाकीच्या पाच बाटल्या चालूच ठेवल्या, कारण गोळी 'केमिकल' आणि त्या बाटल्या 'आधार' असं मी धरून चालले होते. आठवडा गेला तरी दुखणं हललं नाही.

डॉक्टरांची वेळ ८ एप्रिलची मिळाली, नऊ दिवसांनंतरची. फोनवर मी नुसतं "पाय दुखतात" म्हटलं होतं, म्हणून ही वेळ. दोन दिवसांनी पुन्हा फोन करून "स्टॅटिन सुरू केल्यापासून दोन्ही मांड्या दुखतात आणि बळ कमी झालंय" असं सांगितलं, तर तासाभरात नर्सचा फोन आला. त्यांनी पहिलाच प्रश्न लघवीच्या रंगाचा विचारला. रंग गडद तपकिरी झाला तर वेळेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं, कारण स्नायू मोडून त्यातला माल किडनीत अडकायला लागल्याची ती खूण असते. माझा रंग नेहमीसारखाच होता. तुमच्यावर अशी वेळ आली तर फोनवर औषधाचं नाव घेऊनच बोला.

८ एप्रिलला तपासणी झाली. सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या क्रिएटिन कायनेजसाठी रक्त द्यायचं होतं. आधीच्या दोन-तीन दिवसांत जड व्यायाम झाला असेल किंवा दंडावर-कमरेवर इंजेक्शन घेतलं असेल तरी हा आकडा वाढतो, तेव्हा तसं काही झालं असेल तर सांगायचं. लॅबच्या फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधे' यासमोर एकच छोटी ओळ होती. मी लिहिलं, ॲटोर्वास्टॅटिन २०.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. सीके ११४०, लॅबची वरची मर्यादा १७०. लिव्हरचं एसजीपीटी ६८, मर्यादेच्या दुपटीच्या जरा आत. किडनी व्यवस्थित. आणि थायरॉइडचा रिपोर्ट मात्र अगदीच विचित्र. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात, म्हणून ती तपासणी केली होती. पण माझा टीएसएच जवळजवळ शून्यावर आणि टी-४ चढलेला, म्हणजे थायरॉइड मंद नव्हे, उलट भरधाव सुटल्यासारखी.

१० एप्रिलला डॉक्टर बराच वेळ तो कागद बघत राहिल्या. नाडी मोजली, हात पुढे करायला लावून थरथर आहे का बघितलं, वजन घटलं का विचारलं. कशाचीच खूण नव्हती. मग त्यांनी विचारलं, "केसांसाठी, नखांसाठी काही घेता का?"

"हो, बायोटिन. दहा मिलिग्रॅम."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणखी काय काय घेता?"

मी आठवून आठवून सांगायला लागले तसं त्यांनी थांबवलं. "यादी नको. घरी जा आणि सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन या. आजच."

दुपारी मी बाटल्या घेऊन परत गेले. डॉक्टरांनी त्यांच्या फार्मासिस्टला बोलावलं. त्या बाईंनी एकेक बाटली फिरवून मागची बाजू वाचायला घेतली. समोरची बाजू त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. दादाने दिलेल्या बाटलीवर समोर लाल हृदयाचं चित्र होतं. मागे करड्या कागदावर पांढऱ्या बारीक अक्षरांत अकरा घटक. त्यांनी तिसऱ्या ओळीखाली नख ठेवलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. रेड यीस्ट राइस अर्क, ६०० मिलिग्रॅम. रोज दोन कॅप्सूल, म्हणजे १२००.

हा तांबड्या बुरशीने आंबवलेला तांदूळ. त्या बुरशीतून मोनॅकोलिन-के नावाचं द्रव्य तयार होतं, आणि ते रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. त्यासारखं काहीतरी नव्हे, तेच. लोव्हास्टॅटिन हे १९८७ साली अमेरिकेत चिठ्ठीवर विकायला मंजुरी मिळालेलं पहिलं स्टॅटिन. म्हणजे फेब्रुवारीपासून मी दोन स्टॅटिन घेत होते. एक मोजलेलं आणि एक न मोजलेलं. बाटलीवर अर्काचं वजन होतं, पण त्यात मोनॅकोलिन किती हे कुठेच नव्हतं. फार्मासिस्टबाई म्हणाल्या की कंपनीगणिक हे प्रमाण प्रचंड बदलतं, काहींत जवळपास नसतंच तर काहींत औषधाच्या डोसइतकं भरतं. शिवाय नीट आंबवलं नाही तर त्यात सिट्रिनिन हे किडनीला घातक विष उतरतं. युरोपीय संघाने २०२२ मध्ये नियम केला की सप्लिमेंटमधून दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच मोनॅकोलिन मिळायला हवं, आणि कोलेस्टेरॉलचं औषध चालू असेल तर घेऊ नये असा इशारा लेबलवर छापायला हवा. माझ्या बाटलीवर तसा इशारा नव्हता.

गोळी बंद करूनही आठवडाभर दुखणं का हललं नाही, याचा उलगडा तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या झाला. मला रडू आलं. मी गोळीला दोष देत होते आणि तिचंच भावंड सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर श्रद्धेने घेत होते. डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली आणि ती मला इथे तशीच नोंदवायची आहे. हे सगळं त्या कॅप्सूलमुळेच झालं असं शंभर टक्के सिद्ध करता येत नाही. एकट्या ॲटोर्वास्टॅटिननेही काही जणांचं सीके चढतं. पण दोन एकत्र घेतल्यावर धोका वाढतो, हे नक्की.

बायोटिनचं कोडंही तिथेच सुटलं. अनेक लॅबच्या तपासण्यांच्या यंत्रणेतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात बाहेरून घेतलेलं बायोटिन भरपूर असलं की यंत्र फसतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली होती. हार्ट ॲटॅकच्या निदानासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही अशीच फसून खोटी कमी येऊ शकते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण हृदयाच्या काळजीनेच तर मी हा सगळा संसार मांडला होता. बायोटिन थांबवून आठवड्याने थायरॉइडची तपासणी पुन्हा केली, अगदी नॉर्मल आली. मधे त्या रिपोर्टवर विसंबून कुणी थायरॉइड मंदावणारी गोळी सुरू केली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो.

त्या दिवसापासून सगळं बंद. गोळीही, पाच बाटल्याही. एका वहीत रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या. मांड्या किती दुखल्या त्याला शून्य ते दहा गुण, जिना चढताना कठडा धरावा लागला का, आणि लघवीचा रंग. सीके १७ एप्रिलला ६२० आलं, २४ ला २४०, ८ मेला ११८. आकडे झपाट्याने उतरले, दुखणं मात्र सावकाश गेलं. ४ मेच्या पानावर लिहिलंय, 'कठडा न धरता वर.' एवढंच लिहिलंय, पण ते पान मी अनेकदा उघडून बघते.

विम्याचा क्लेम पहिल्यांदा परत आला. लॅबच्या बिलावर तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता आणि तपासणीचं कारणही लिहिलेलं नव्हतं. 'औषधाच्या दुष्परिणामाच्या संशयावरून' अशी एका ओळीची चिठ्ठी आणि क्रमांक जोडल्यावर पुढच्या खेपेला मंजूर झाला. अडीच आठवडे गेले. चिठ्ठी रक्त द्यायच्या दिवशीच मागून ठेवली तर हा फेरा वाचतो. सप्लिमेंटचे पैसे अर्थातच कुणी परत देत नाही.

२२ मेला, सगळं बंद असताना, एलडीएल पुन्हा १७४. म्हणजे प्रश्न जिथल्या तिथेच. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन सुचवलं, ५ मिलिग्रॅम, सगळ्यात लहान डोस. मी ती गोळी दोन दिवस पाकिटातच ठेवली होती. मग फोनवर डॉक्टरांनी मला २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. स्टॅटिनचा त्रास झाला म्हणून ते सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला जवळपास ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. "तुमचं एप्रिलमधलं दुखणं मनाचं नव्हतं, सीकेने ते दाखवलंय," त्या म्हणाल्या, "पण आता जे दुखेल त्यातलं काही भीतीचं असू शकेल. म्हणून वही चालू ठेवा आणि चार आठवड्यांनी सीके करू." हे असं दोन्ही बाजूंनी सांगितल्यामुळे मला धीर आला. पहिल्या आठवड्यात वहीत तीन-चारचे गुण आहेत, तिसऱ्या आठवड्यापासून शून्य. चार आठवड्यांनी सीके नॉर्मल आलं. ३ जुलैला एलडीएल १०६, सीके १२४.

आता बाटल्यांचं काय करायचं? डॉक्टरांचा नियम साधा होता. एका वेळी एकच गोष्ट, चार आठवडे, आणि तिला काहीतरी कारण हवं.

दादाची कॅप्सूल कायमची बंद. बायोटिनही मी परत घेतलं नाही. लसूण आणि फिश ऑइलबद्दल त्यांनी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीचे आकडे दाखवले. १९० माणसं, २८ दिवस. माझ्याच डोसचं रोसुव्हास्टॅटिन एका गटाला, खोटी गोळी एका गटाला, आणि बाकीच्या गटांना फिश ऑइल, लसूण, दालचिनी, हळद, वनस्पतींमधले स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस. औषधाने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. बाकी सहांपैकी एकाचाही परिणाम खोट्या गोळीहून वेगळा म्हणण्याजोगा नव्हता, आणि लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलेलं दिसलं. खूप वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीसाठी, चिठ्ठीवर मिळणारं शुद्ध केलेलं ओमेगा-३, दिवसाला ४ ग्रॅम, हा वेगळाच विषय आहे. माझं ट्रायग्लिसराइड नॉर्मल आहे, म्हणून तेही नको.

क्यू-१० वर मात्र मी अडून बसले. स्नायूंच्या दुखण्यासाठी त्याचा उपयोग होतो का, यावर चाचण्यांचं एकमत नाही. तुम्ही वॉरफरिन घेत नाही, तेव्हा घ्यायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. रक्त पातळ करणाऱ्या त्या औषधाचा परिणाम क्यू-१० ने कमी होऊ शकतो. चार आठवडे घेतलं, मग आणखी चार. वहीत काडीचाही फरक दिसला नाही, म्हणून सोडलं. ड जीवनसत्त्व रक्तात १३ निघालं, ते कमी आहे म्हणून उपचार म्हणून सुरू झालं. स्टॅटिनपासून स्नायू वाचवायला ते उपयोगी नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

एक गोष्ट त्यांनी आपणहून सुचवली, इसबगोल. विरघळणारा चोथा पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो, ती भरून काढायला लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. परिणाम माफक, पण स्टॅटिनच्या जोडीला तो भर घालतो. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, आणि गोळीच्या वेळेपासून लांब, नाहीतर तो चोथा औषधालाही धरून ठेवू शकतो. मी इसबगोल सकाळी घेते, गोळी रात्री झोपताना. २ ऑक्टोबरच्या रिपोर्टमध्ये एलडीएल ९७ आहे.

रोसुव्हास्टॅटिनची आणखी एक खोच फार्मासिस्टबाईंनी सांगितली. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध सोबत घेतलं तर गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हणून ते दोन तासांनी घ्यायचं. तुमची गोळी ॲटोर्वास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन असेल तर खोच वेगळी आहे. भरपूर ग्रेपफ्रूटचा रस त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो, आणि उदासीवर घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट ते कमी करतं. म्हणून फार्मासिस्टला 'स्टॅटिन' सांगून भागत नाही, पूर्ण नाव सांगावं लागतं.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषध सुरक्षा विभागाचा दुष्परिणामाचा फॉर्मही भरला. रुग्णसुद्धा तो भरू शकतो हे मला नवीन होतं. चार गोष्टी असल्या की नोंद होते. त्रास कुणाला झाला (आद्याक्षरं पुरतात), कशामुळे झाल्याचा संशय आहे, काय झालं, आणि कळवणारा कोण. बॅच क्रमांक विचारला होता. सुदैवाने बाटली मी टाकली नव्हती. लेबलचे फोटो, सीकेचे एप्रिल-मेमधले चारही रिपोर्ट आणि वहीची दोन पानं जोडली. भरायला चाळीस मिनिटं लागली, तीन आठवड्यांनी पोच क्रमांक आला.

दादाला सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याने मायेने आणून दिलेली वस्तू होती. एप्रिलमध्ये मी फक्त "मला मानवली नाही" एवढंच म्हटलं होतं. फॉर्म भरताना 'आणखी कुणी हे उत्पादन घेत आहे का' असा विचार मनात आला आणि हात थांबला. दादालाही दोन वर्षांपासून ॲटोर्वास्टॅटिन आहे, तेही ४० मिलिग्रॅम. मी त्याच रात्री फोन केला.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "थांब, चष्मा आणतो." कपाट उघडल्याचा आवाज आला. "कुठे लिहिलंय? मला तर काही दिसत नाही."

"मागच्या बाजूला. वरून तिसरी ओळ."

बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "पोटऱ्या दुखतात गं माझ्या. मला वाटलं वयाचं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर गेले. बाटल्यांची पिशवी त्याच्या हातात होती.